शस्त्र परवाना कुणाला मिळतो, ते मोजायला हवं

शस्त्र परवाना मिळणं जितकं अवघड, तितकं गावाला बरं, याच मताचा मी आहे. पण ते अवघड असायचं तर सगळ्यांना सारखंच असावं.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या परवान्यांची फाईल उघडली. गुन्हे दाखल असलेल्यांकडेही परवाने निघाले. शंभराहून जास्त रद्द करावे लागले. आपल्या मोहल्ल्यात मात्र ‘आपल्याला कोण देणार?’ म्हणून कुणी अर्जच करत नाही.

1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 14 सांगतं, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही; नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात. ॲट्रॉसिटी कायद्याचे 1995 चे नियम आणखी पुढे जातात. अत्याचाराचा धोका असलेल्या भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे परवाने तपासून गरजेप्रमाणे रद्द करायचे आणि आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना परवाने द्यायचे. सोनई (2013) आणि खर्डा (2014) आपल्याच जिल्ह्यात घडलं. इथे हा नियम किती वेळा वापरला?

मुसलमानांसाठी असा नियम नाही आणि मी तो मागतही नाही. मे 2025 मध्ये आसाम सरकारने मुस्लिमबहुल जिल्ह्यांतल्या मूळ रहिवाशांना परवाने द्यायचं ठरवलं. 1995 चा नियम आधी दांडग्यांच्या हातातली बंदूक काढायला सांगतो. आसामचा निर्णय शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध बंदूक देतो. त्याने भीती वाढतेच.

कोपरगावच्या माणसाचा अर्ज नगरला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. त्या अहवालात जात, धर्म, ओळखपाळख किती बोलते, हे एकेका अर्जावरून कळणार नाही. आकड्यांवरून कळेल. आता प्रत्येक परवान्याला स्वतंत्र क्रमांक आहे आणि राष्ट्रीय डेटाबेसमध्ये त्याची नोंद आहे. सॉफ्टवेअरमधला माणूस म्हणून सांगतो, नावं वगळून तालुकावार आकडे काढणं मोठं काम नाही.

म्हणून दोस्तांनो, माहिती अधिकारात अर्ज करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. पाच वर्षांत तालुक्यातून किती अर्ज आले? किती मंजूर झाले? नकाराची कारणं काय? गुन्हे दाखल असलेले परवानाधारक किती? सोबत दलित वस्तीतल्या मित्रांनाही घ्या, प्रश्न त्यांचाही आहे. दोघे-तिघे पुरेत.