शंभर टक्के कशाचे?

दहावीचा निकाल लागला की डहाणू स्टेशनापासून तलासरी नाक्यापर्यंत फ्लेक्स झळकतात. वर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, खाली पहिल्या तीन मुलांचे पासपोर्ट साइज चेहरे आणि मधोमध ठळक अक्षरांत 'निकाल 100 टक्के'. बाजारपेठेतला पालक तो फ्लेक्स वाचून पोराची शाळा ठरवतो. वर पाड्यावरच्या पालकाबद्दल म्हणतो, "त्यांना कुठला शिक्षणाचा दर्जा कळायला! वसतिगृह आणि दोन वेळचं जेवण मिळालं की झालं." दर्जा कळतो तो आपल्याला, कारण आपण निकाल बघतो, असा या बोलण्याचा रोख. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. वसतिगृह विचारणारा पालक दर्जाच विचारतोय. फसतोय तो फ्लेक्स वाचणारा.

आधी वसतिगृहाचं घेऊ. दिवाळी सरली की इथल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी बोटीवर खलाशी म्हणून, आणि मागे सांभाळणारं कुणी नसलं की पोरंही बिऱ्हाडाबरोबर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. नववीच्या बीजगणितात दोन चलांतील रेषीय समीकरणं दुसऱ्या सत्रात शिकवतात आणि दहावीचं बीजगणित उघडलं की पहिलाच धडा त्याच समीकरणांचा असतो. ते महिने बुडालेल्या पोराला दहावीत कितीही हुशार शिक्षक द्या, तो फळ्याकडे नुसता बघत बसेल. मुलगा त्या महिन्यांत वर्गात राहील की नाही, हा गणिताचाच प्रश्न आहे. आई-बाप तो वसतिगृहाच्या नावाने विचारतात, एवढंच.

ही समज इथे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मूल हजर नसेल तर अध्यापनाच्या थोरवीला अर्थ नाही, हे त्यांनी पालकांना दोष न देता ओळखलं होतं.

आता निकालाकडे वळू. राज्याचा दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी अभ्यासक्रम नवा आला, भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि निकाल 77.10 वर आपटला. ते गुण परत दिले, 2020 मध्ये 95.30. त्याच्या पुढच्या वर्षी कोरोनामुळे लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95! राज्यातले मास्तर 2019 साली बिघडले, वर्षभरात सुधारले आणि परीक्षा नसताना सर्वोत्तम झाले, असं कुणी म्हणणार आहे काय? मोजपट्टीच वर-खाली होत असेल तर तिने आपल्या गावच्या दोन शाळांची उंची कशी मोजायची?

त्याहून मोठी मेख छेदात आहे. निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांवर काढतात, शाळेत आलेल्यांवर नाही. आठवीपर्यंत बहुतेक मुलं वर चढत आलेली असतात. खरी चाळण नववीत लागते. कच्च्या मुलाला नववीत बसवायचं, नाहीतर बापाला बोलावून समजुतीच्या सुरात सांगायचं, "दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा." दाखल्यावर कारण येतं 'पालकाच्या विनंतीवरून'. मुलगा खासगी विद्यार्थी म्हणून बसतो किंवा बसतच नाही, आणि त्याचं नापास होणं शाळेच्या खात्यावर पडत नाही. सगळ्याच शाळा असं करतात असं नव्हे. पण जी करते तिचा फ्लेक्स जास्त मोठा दिसतो.

समजा, एका शाळेत नववीला 80 मुलं होती, दहावीला 50 बसली आणि पन्नासही पास झाली. निकाल 100 टक्के. दुसरीत 80 पैकी 76 बसली, 65 पास झाली. निकाल साडेपंच्याऐंशी. पालक पहिलीपुढे रांग लावतील. पण नववीतल्या ऐंशींचा हिशेब धरला तर पहिलीने 50 पोरं पार केली, दुसरीने 65. आपलं पोर त्या वगळलेल्या तिसांत नसेलच, हे कशावरून?

यावर शिक्षक म्हणतील, गळती आमच्यामुळे होत नाही, गरिबीमुळे होते. अर्धं खरं आहे. पण त्याच गरिबीतली, त्याच पाड्यांवरची पोरं एखादी शाळा टिकवते आणि शेजारची टिकवत नाही, तेव्हा फरक शाळेचाच असतो. तो तिच्या नावावर जमा व्हायला हवा.

इंग्रजी माध्यमाबद्दल फार बोलत नाही. घरी वारली बोलणाऱ्या पोराला मराठीही शिकावीच लागते. तिथे फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्याला तुमच्या आठवीच्या पोराकडून एक पान वाचून घेऊन अर्थ सांगायला लावा, एवढं पुरे.

मग बघायचं काय? बोर्डीच्या शाळेत लांबून मुलं आली ती आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांच्या नावावर. तेव्हा शिक्षक कोण, हे आधी विचारा. गणित आणि विज्ञानाला कायम शिक्षक आहे की तासिकेवरचा? गेल्या दोन वर्षांत किती जण बदलले? पालघरात नेमणूक मिळाली की काही जण पहिल्या दिवसापासून जिल्हा बदलीची वाट बघतात, म्हणून हा प्रश्न इथे पुण्याहून जास्त महत्त्वाचा. प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला लावा आणि बाटल्यांवरची धूळ बघा. आणि प्रवेशाच्या टेबलावर फ्लेक्सचं कौतुक झालं की शांतपणे विचारा: गेल्या वर्षी ही मुलं नववीत होती तेव्हा कॅटलॉगवर किती नावं होती? अनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू आहे; तोंडी उत्तर टाळलं तर साध्या कागदावर अर्ज करता येतो. शाळा आकडा लगेच सांगते की "साहेब आल्यावर बघू" म्हणते, यावरूनही बरंच कळतं.