कार्बन फायबर घरी बनवताय? आधी गळती शोधा, मग रेझिन ओता

ती रील तुम्हीही पाहिली असेल. प्लास्टिकच्या पिशवीखाली काळं कापड, एका बाजूने रेझिन सरसर पुढे जातंय आणि शेवटी बाइकचा चकचकीत मडगार्ड बाहेर येतो. मी झाईला घराच्या पडवीत तेच करून बघितलं. पहिला भाग थेट भंगारात गेला. पंप ठीक होता, घाई माझी होती.

हा विषय आत्ताच का?

2022 मध्ये रिलायन्सने सुरतजवळच्या हजीऱ्यात वर्षाला 20 हजार टन क्षमतेचा कार्बन फायबर प्रकल्प जाहीर केला. तेव्हापासून 'आता कार्बन स्वस्त होणार' असं मित्रांकडून ऐकतोय. होईलही. पण घरी काम करणाऱ्याचा पैसा कापडापेक्षा फसलेल्या भागात जास्त जातो. त्यात कापड, रेझिन, पिशवी, नळ्या सगळं एकदम जातं. म्हणून भाव उतरायची वाट बघण्यापेक्षा पद्धत सुधारणं जास्त फायद्याचं.

प्रकार नेमका काय आहे?

साच्यात कोरडं कापड, त्यावर पील प्लाय, मग रेझिन पसरवणारी जाळी आणि वर हवाबंद पिशवी. पंप आतली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब रेझिनला आत ढकलतो. ब्रशने केलेल्या भागापेक्षा यात रेझिन कमी आणि धागा जास्त बसतो. म्हणून भाग हलका आणि मजबूत होतो.

निकाल सुधारणाऱ्या चार गोष्टी

1. गळती तपासा. पिशवीतली हवा काढून झडप बंद करा आणि पंपही बंद करा. 15-20 मिनिटं गेजचा काटा हलता कामा नये. हलला तर टेपचे जोड, पिशवीच्या चुण्या आणि नळी आत शिरते ती जागा तपासा. मी हेच टाळलं, आणि भागभर बुडबुडे आले.

2. अंतर कमी ठेवा. रेझिनला दुप्पट अंतर कापायला साधारण चौपट वेळ लागतो. लांब भागाला टोकाकडून नाही, मधून रेझिन द्या. जाळी कडेच्या दोन-अडीच सेंटीमीटर आधीच थांबवा, नाहीतर रेझिन वरूनच पळतं आणि खाली कोरडे डाग राहतात.

3. उन्हाळा लक्षात घ्या. तापमान 10 अंशांनी वाढलं की रेझिन घट्ट व्हायचा वेळ जवळपास निम्मा होतो. मे महिन्यात हे काम सकाळी करा आणि इन्फ्युजनसाठीचं पातळ, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सीच घ्या. बादलीत जास्त मिश्रण ठेवलं तर ते तापून धूर सोडतं. किनाऱ्यावर दमटपणाही असतो, म्हणून हार्डनरचं झाकण लगेच लावा.

4. बादली रिकामी होऊ देऊ नका. तळाला थोडं रेझिन असतानाच नळीला चिमटा लावा. एकदा हवा आत गेली की ती बाहेर काढणं कठीण.

नायट्राइल हातमोजे घालाच. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना मास्क हवाच.

मग होडीही कार्बनची करायची?

झाईत हा प्रश्न येणारच. माझं उत्तर: नको. मासेमारीच्या होडीला काचेचा फायबर पुरतो. तो स्वस्त आहे आणि धक्काही बरा सोसतो. कार्बन वीज वाहून नेतो, म्हणून खाऱ्या पाण्यात त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम लवकर गंजतं. याच गुणामुळे तो मोबाइलचा सिग्नलही अडवतो. फोनचं कव्हर करायचं असेल तर ॲरामिड घ्या.

पण इन्फ्युजनची पद्धत काचेच्या कापडालाही चालते, आणि इथल्या पोरांसाठी खरा मुद्दा हाच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे 76 हजार कोटींचा प्रकल्प, आणि त्याला मच्छीमारांचा विरोध. नोकऱ्या कोणाला मिळतील यावर वाद चालूच राहील. फायबरची पक्की दुरुस्ती करता येणाऱ्या हाताला मात्र होडी असो की बाइक, काम मिळू शकतं. सुरुवात वीतभर तुकड्यापासून करा. तो फसला तर नुकसान थोडं, आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसतं.