आपल्या ऊसतोड बायांवरचा शोधनिबंध आपल्यालाच वाचता येत नसेल तर?

परवा केज तालुक्यातल्या एका मुलीचा फोन आला. आईवडील दोघंही कोयत्यावर, पोरगी एमएसडब्ल्यू झालेली. म्हणाली, "दादा, हा पेपर डाउनलोड करायची काही सोय आहे का तुमच्याकडं?" लिंक उघडली. ऊसतोड बायांच्या आरोग्यावरचा शोधनिबंध. वाचायला पस्तीस डॉलर! म्हणजे जवळपास तीन हजार रुपये.

गंमत पुढंच आहे. त्या पेपरसाठी फडावर, कोप्यांत फिरून शंभरावर बायांचे फॉर्म हिनंच भरले होते. पुस्तकी प्रश्न बायांना कळेनात, तेव्हा ते आपल्या बोलीत हिनंच बसवले. लेखकांच्या यादीत हिचं नाव नाही. आभारातही नाही. (संस्थेचं नाव मी इथं देत नाही. प्रश्न एका संस्थेचा नाही.)

मित्रांनो, यात आपला काय संबंध, असं वाटेल. २०१९ आठवा. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत खासगी रुग्णालयांत ४,६०५ बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं. नंतर नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आकडा आला: पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. म्हणजे सहात एक. हे आकडे उघड झाले म्हणून बोंब मारता आली. तेच कुलूपबंद राहिले असते तर?

त्यानंतर बाहेरून किती गाड्या आल्या, विचारू नका. प्रत्येकाचे तेच प्रश्न. वय काय, पिशवी कधी काढली, उचल किती. बाईनं रोज बुडवून उत्तरं दिली. कुणाची पीएचडी झाली, कुणाची बढती. बाईच्या हातात कागदसुद्धा आला नाही.

प्रबंधांचं त्या मानानं बरं आहे. यूजीसीच्या नियमांमुळं पीएचडीचे प्रबंध ऑनलाइन द्यावे लागतात आणि 'शोधगंगा'वर ते कुणालाही फुकट वाचता येतात. पण नियतकालिकांतले निबंध? केंद्रानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर केले, जवळपास १३,००० नियतकालिकं उघडली. चांगलंच झालं. पण ती किल्ली सरकारी संस्थांना. आशाताईला नाही, सरपंचाला नाही, माझ्यासारख्या तालुक्याच्या पत्रकारालाही नाही.

खरं तर यावर फार खर्चही नाही. छापायला स्वीकारलेली प्रत विद्यापीठाच्या साइटवर ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात, काही जण ठरावीक मुदतीनंतर. फक्त ठेवायची इच्छा पाहिजे.

आता कुणी म्हणेल, खुलं केलं की बोगसगिरी वाढेल. पैसे भरा, आठवड्यात छापा, अशी दुकानं आहेतच. २०१८ च्या मे महिन्यात यूजीसीनं आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. पण खुलं म्हणजे तपासणीविना नव्हे. आणि खुलं म्हणजे बायांची नावं-गावं चव्हाट्यावर आणणंही नव्हे. ती झाकलीच पाहिजेत.

नावाचं बोलू. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा जगभर मानला जाणारा नियम आहे. लेखक कोण? ज्यानं अभ्यासाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा विश्लेषणात भरीव काम केलं, लिखाणात हात लावला, शेवटची प्रत मंजूर केली आणि चुकीची जबाबदारी घेतली, तो. चारही अटी लागतात. म्हणजे नुसते फॉर्म भरले म्हणून लेखक होत नाही, हे मान्य. पण भरीव काम केलेल्याला लिखाणात यायची संधी द्या, हेही तोच नियम सांगतो. आणि तोच नियम लावला तर पान न बघता नाव टाकून घेणारे 'साहेब' पहिले बाहेर जातात. चोरी पकडणारं सॉफ्टवेअर उचललेली वाक्यं शोधतं. भेट दिलेलं नाव त्याला सापडत नाही.

आमच्या धंद्यातही हेच चालतं, लपवत नाही. खेड्यातला पोरगा बातमी आणतो, वर छापतं 'प्रतिनिधी'. मीही केलंय.

म्हणून आपल्या विद्यापीठाकडं आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांकडं तीन साध्या मागण्या:

१. जनतेच्या पैशातून झालेल्या संशोधनाची प्रत सगळ्यांना फुकट मिळावी.
२. प्रत्येक निबंधाखाली कुणी काय काम केलं ते लिहावं. फॉर्म भरणारे, दुभाषे सगळे.
३. दोन पानांचा मराठी गोषवारा त्या गावच्या ग्रामपंचायतीत आणि उपकेंद्रात ठेवावा. टोळ्या दिवाळीनंतर निघतात, त्याच्या आत.

त्या मुलीला सांगितलं, पेपरवर लेखकाचा मेल असतो, सरळ माग. तिनं मेल केलाय, उत्तराची वाट बघतेय. तिची आई रोज विचारते म्हणे, "काय लिहिलंय गं त्यात आपल्याबद्दल?"

तुमच्या गावातही कुणी असे फॉर्म भरून नेले असतील, तर कमेंटमध्ये सांगा. परत येऊन काही सांगितलं का, तेही लिहा.