खेळातील गर्दी ओसरते तेव्हा

पबजी मोबाइल या खेळाच्या एका डावात 100 जण उतरत. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. 2 जुलै 2021 रोजी तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परतला. परंतु असे कित्येक खेळ बंदीविनाच रिते होतात.

त्याचे कारण शिरूर-दौंडच्या व्यापाऱ्यांना सहज उमजेल. कांद्याच्या लिलावाला खरेदीदार घटले की भाव पडतो. शेतकरी पुढील खेपेस दुसरा बाजार गाठतो. माल नाही म्हणून उरलेले खरेदीदारही फिरकत नाहीत. खेळातही हेच घडते. प्रथम हौशी मंडळी निघून जातात आणि मुरलेले उरतात. त्यांच्यापुढे वारंवार हरणारा नवखा टिकत नाही. पुरेसे खेळाडू जमेपर्यंत ताटकळावे लागते. शेवटी एक मित्र सुटला की त्याच्यामागे सारी टोळी सुटते.

खेळातील पोशाख व शस्त्रे यांवर मुले पैसे खर्च करतात. तो माल बहुधा दुसऱ्यास विकता येत नाही, आणि खेळ बंद पडला की त्याचे मोल शून्य होते. घरच्या हिशेबात ही रक्कम मालमत्तेत न धरता त्याच दिवशी खर्ची टाकावी. मुलांनाही ती तशीच लिहावयास शिकवावे.