नायकाचे उणेपण

वैज्ञानिक साहसपट पाहून घरी परतणाऱ्या मुलांच्या गप्पांत पहिल्या दिवशी यानांचा, यंत्रमानवांचा आणि अजस्र प्राण्यांचाच बोलबाला असतो. कोणते यान कसे वळले, कोणता प्राणी कसा गर्जला, ह्यांच्या नकला अंगणात सुरू होतात. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. डोळे दिपविणे हा ह्या चित्रपटांचा धर्मच आहे. परंतु करामतीचे नावीन्य फार काळ टिकत नाही. ज्या दृश्याने एका पिढीने तोंडात बोटे घातली, ते दृश्य पुढच्या पिढीला साधे वाटू लागते. असे असूनही ह्या जातीचे काही मोजके चित्रपट तीस-चाळीस वर्षांनंतरही आवडीने पाहिले जातात. स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांचा १९९३ सालचा ‘जुरासिक पार्क’ हा त्यांपैकी एक. हा चित्रपट दोन तासांहून अधिक चालतो. पण ज्यांच्यासाठी तो प्रसिद्ध आहे ते डायनोसॉर पडद्यावर दिसतात अवघी पंधरा मिनिटे. उरलेला सारा वेळ पडद्यावर माणसेच असतात. प्रेक्षक जर त्या माणसांत रमले नसते, तर डायनोसॉरांच्या त्या पंधरा मिनिटांनी चित्रपट तरला नसता.

माणसांत रमणे म्हणजे काय? पात्र शूर असावे, देखणे असावे, त्याने चटपटीत बोलावे, एवढ्याने ते साधत नाही. कथेच्या आरंभी जो माणूस भेटला, तो कथेच्या शेवटी तसाच राहिला नाही, आणि तो बदल त्याला फुकट मिळाला नाही, हे जेव्हा प्रेक्षकाला दिसते, तेव्हा तो त्या माणसाशी बांधला जातो. ह्यालाच स्वभावाचा विकास म्हणतात. महाराष्ट्रातील मुलांना ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा त्यांनी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. ती कथा वाल्मीकींच्या आश्रमापासून सुरू केली, आणि रानातील वाटमारी व रांजणातील खडे गाळून टाकले, तर मागे काय उरेल? एका सत्पुरुषाचे वर्णन उरेल. कथा उरणार नाही.

ही साधी गोष्ट चित्रपट निर्माण करणाऱ्या मोठमोठ्या मंडळींनाही सदैव आठवते असे नाही. वैज्ञानिक साहसपटांच्या इतिहासात ह्याची दोन बोलकी उदाहरणे आहेत. एका ठिकाणी नायकाचा आरंभ होता त्याहून वाईट करण्यात आला. दुसऱ्या ठिकाणी तो होता त्याहून चांगला करण्यात आला. पहिल्या फेरफाराने चित्रपट वाढला, दुसऱ्याने तो खुजा झाला.

पहिले उदाहरण ‘जुरासिक पार्क’चेच. हा चित्रपट मायकेल क्रायटन ह्यांच्या १९९० सालच्या कादंबरीवरून घेतला आहे. कादंबरीतील डॉक्टर ॲलन ग्रँट हा जीवाश्मांचा अभ्यासक मुलांवर माया करणारा आहे. डायनोसॉर म्हटले की मुलांचे डोळे चमकतात, आणि ग्रँटचेही चमकतात. तेव्हा त्यांचे जमावे हे स्वाभाविकच. चित्रपटकर्त्यांनी मात्र हा स्वभाव उलटा केला. पडद्यावरचा ग्रँट मुलांना कंटाळलेला आहे. उत्खननाच्या जागी एक मुलगा व्हेलॉसिरॅप्टरच्या सांगाड्याची चेष्टा करतो, त्याला टर्की कोंबडीची उपमा देतो. तेव्हा ग्रँट खिशातून त्या प्राण्याचे अश्मीभूत नख बाहेर काढतो, आणि हा प्राणी तुझ्यासारख्याला कसा फाडील, हे त्याच्या पोटावर नख फिरवून असे दाखवितो, की मुलाची बोबडीच वळते. विद्वान माणसाने पोरवयाच्या मुलाला असे घाबरवावे हे काही शोभणारे नाही. प्रेक्षक हसतो खरा, पण हा माणूस जरा तुसडाच आहे, अशी नोंदही मनात करून ठेवतो.

पुढे त्या बेटावर उद्यानाच्या मालकाची दोन नातवंडे, लेक्स आणि टिम, ग्रँटच्या वाट्याला येतात. टिमने त्याचे पुस्तक वाचलेले असते. तो प्रश्न विचारीत त्याच्या मागे मागे फिरतो, आणि ग्रँट एका मोटारीतून दुसरीकडे जाऊन त्याला टाळू पाहतो. मग ती पावसाची रात्र येते. कुंपणातील वीज गेलेली असते आणि टायरॅनोसॉरस मोकळा सुटतो. मुलांच्या मोटारीत बसलेला वकील त्यांना टाकून पळतो. ज्याचे कर्तव्य होते तो पळाला, आणि ज्याला मुले नकोशी होती तो पेटती मशाल घेऊन पुढे आला. येथे कोणी भाषण करीत नाही. ग्रँटला विचार करावयास वेळही मिळत नाही. माणसाच्या अंतरंगात काय आहे ते त्या क्षणी त्याच्या हातापायांनी सांगितले, एवढेच.

परंतु एका धाडसाने स्वभाव बदलत नसतो. संकटात धावून जाणारी माणसे संकट टळल्यावर पुन्हा पूर्वीसारखी होतात. चित्रपटाची खरी हुशारी त्यानंतरच्या शांत प्रसंगात आहे. रात्री तिघे एका उंच झाडावर आसरा घेतात. आपण झोपल्यावर डायनोसॉर आले तर काय, असे लेक्स विचारते. आपण रात्रभर जागे राहू, असे वचन ग्रँट देतो. मुले त्याला बिलगून झोपतात. बसताना खिशातले काहीतरी त्याला टोचते; तो ते काढून पाहतो, तर ते तेच नख असते. क्षणभर ते न्याहाळून तो खाली टाकून देतो. ज्या वस्तूने त्याने एका मुलाला भिवविले होते, ती मुलांना कुशीत घेऊन बसण्याच्या आड आली, म्हणून ती गेली. आयुष्यभर जीवाश्म वेचणाऱ्या माणसाने हातचा जीवाश्म टाकावा ह्याचा अर्थ कोणी समजावून देत नाही, आणि देण्याची गरजही पडत नाही. शेवटी हेलिकॉप्टरात दोन्ही मुले त्याच्या अंगावर रेलून झोपलेली दिसतात.

कादंबरीतील ग्रँट अधिक चांगला माणूस आहे ह्यात शंका नाही. परंतु त्याला झाडावरच्या त्या रात्रीपर्यंत चालून जाण्याचे कारणच नव्हते. तो आधीपासूनच तेथे उभा होता. चित्रपटकर्त्यांनी त्याला मागे ढकलले, म्हणून त्याला चालावे लागले, आणि प्रेक्षकही त्याच्याबरोबर चालला.

दुसरे उदाहरण जॉर्ज लूकस ह्यांच्या ‘स्टार वॉर्स’ ह्या १९७७ सालच्या चित्रपटाचे. त्यातील हॅन सोलो हा अंतराळातला चोरटा मालवाहू. एका गुंडाचे त्याला देणे आहे, पैशाखेरीज तो कोणाचे काम करीत नाही, आणि बंडखोरांच्या ध्येयवादाची त्याला थट्टाच वाटते. त्याची ओळख होते ती एका बकाल बंदरातील मद्यगृहात. ग्रीडो नावाचा भाडोत्री मारेकरी त्याच्यावर शस्त्र रोखून समोर बसतो आणि आपण त्याला जिवंत सोडणार नाही असे सूचित करतो. सोलो गप्पा मारीत मारीत टेबलाखाली आपले शस्त्र हळूच मोकळे करतो, आणि ग्रीडोने चाप ओढण्यापूर्वीच त्याला ठार करतो. जाताना मद्यगृहवाल्याकडे एक नाणे फेकतो. प्रसंग लहान आहे. पण हा माणूस स्वतःच्या जिवापलीकडे कशाचाही विचार करीत नाही, हे त्यातून पुरते कळते.

ह्याच माणसाने चित्रपटाच्या अखेरीस काय करावे? राजकन्येच्या सुटकेचे बक्षीस गाठीला बांधून तो लढाईच्या तोंडावर निघून जातो. ल्यूक हा त्याचा तरुण सोबती संतापतो, पण सोलो थांबत नाही. आणि मग, ल्यूकच्या विमानावर शत्रूचा नेम बसत असता, सोलोचे यान अकस्मात वरून झेपावते व पाठलाग करणाऱ्यांना उधळून लावते. चित्रपटगृहांत ह्या क्षणाला टाळ्या पडत आल्या आहेत. त्या टाळ्या नेमबाजीला नसतात. पळून जाण्यातच आपले हित आहे असे मानणारा माणूस परत आला, ह्याला त्या असतात.

१९९७ साली ह्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. तीत संगणकाच्या साहाय्याने अनेक दृश्ये सजविण्यात आली, आणि मद्यगृहातील प्रसंगही बदलण्यात आला. आता ग्रीडो आधी गोळी झाडतो, अगदी जवळून झाडूनही त्याचा नेम चुकतो, आणि मग सोलो त्याला मारतो. प्रेक्षकांत मोठा गदारोळ उडाला. पुढे २००४ आणि २०१९ साली त्याच दोन-तीन क्षणांत पुन्हा फेरफार झाले. जणू कर्त्यालाही ते दृश्य स्वस्थ बसू देत नव्हते.

लूकस ह्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. जो पुढे नायकपदाला पोहोचणार, त्याने थंड डोक्याने माणूस मारावा हे त्यांना खटकले. लक्षावधी मुले हा चित्रपट पाहतात. त्यांच्या लाडक्या वीराने आधी शस्त्र चालविलेले त्यांनी पाहावे का, ही शंका कोणत्याही जबाबदार वडीलधाऱ्याच्या मनात येईल. शिवाय मुले अनुकरण करतात हेही खरे.

तथापि ह्या युक्तिवादात एक चूक आहे. मुले सोलोचे अनुकरण करतात ते कोणत्या सोलोचे? त्यांच्या खेळांत शेवटची झेप असते. आरंभीचा आपमतलबीपणा त्यांना कळतो, आणि म्हणूनच ती झेप त्यांना मोठी वाटते. आरंभीचा डाग धुऊन काढला की शेवटच्या झेपेचीही उंची तेवढीच कमी होते. कारण उंची मोजावयाची ती खालूनच. वागणे शुद्ध केल्याने सोलो सज्जन झाला नाही, तो केवळ कमी पल्ला चाललेला माणूस झाला. ह्यात मुलांचेही एक नुकसान आहे. नायक जन्मतःच निर्दोष असतो असे ज्याला शिकविले गेले, त्याला स्वतःचा पहिला दोष दिसताच वाटू लागते, की ही वाट काही आपली नव्हे.

अर्थात प्रत्येक पात्राने बदललेच पाहिजे असा आग्रह धरणेही बरोबर नव्हे. त्याच चित्रपटातील राजकन्या लीया पहिल्या प्रसंगी जितकी निर्भय आहे तितकीच शेवटी आहे. तिच्यात उणे काढता येत नाही. उलट ती तशी स्थिर आहे म्हणूनच तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या सोलोचे सरकणे नजरेत भरते. आगगाडी हलली हे फलाटावरच्या खांबावरून कळते, तसे हे आहे.

कधीकधी हा बदल माणसात न होता यंत्रात होतो, आणि तो तितकाच हृदयस्पर्शी ठरतो. ब्रॅड बर्ड ह्यांचा ‘द आयर्न जायंट’ हा १९९९ सालचा व्यंगपट टेड ह्यूज ह्यांच्या १९६८ सालच्या पुस्तकावर आधारलेला आहे. कथेचा काळ १९५७ चा. रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरत आहे आणि अमेरिकेच्या एका खेडेवजा गावातील लोक धास्तावलेले आहेत. आकाशातून पडलेला लोखंडाचा एक महाकाय यंत्रमानव हॉगर्थ नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला सापडतो. तो लोखंड खातो, मुलाबरोबर खेळतो, शिकाऱ्यांनी मारलेले हरिण पाहून बावरतो. परंतु मुळात तो एक शस्त्र आहे. हॉगर्थ खेळण्यातली बंदूक त्याच्याकडे रोखतो तेव्हा त्याच्या नकळत त्याच्या आतील संहारक यंत्रणा जागी होते, आणि मित्राचाच जीव जाण्याची वेळ येते. येथे चित्रपटकर्त्यांनी राक्षसाच्या अंगचे भय झाकून ठेवले नाही. ते भय खरे आहे म्हणूनच, गावावर पडू घातलेल्या अण्वस्त्राला तो आकाशात एकटा सामोरा जातो तेव्हा त्याच्या निवडीला मोल येते. शस्त्र म्हणून घडविलेल्याने शस्त्र न होण्याचे ठरविले. प्रदर्शनाच्या वेळी ह्या चित्रपटाला फारसे प्रेक्षक लाभले नाहीत. त्याची थोरवी लोकांच्या ध्यानात आली ती मागाहून.

एक अडचण मात्र ह्या सर्वच चित्रपटांना सतावते. एक चित्रपट यशस्वी झाला की दुसरा निघतो, तिसरा निघतो. आणि सुधारलेल्या माणसाला नवे साहस द्यावयाचे कसे, असा प्रश्न लेखकांपुढे उभा राहतो. बहुधा ते सोपा मार्ग धरतात, तो म्हणजे त्याला पुन्हा मूळ पदावर आणण्याचा. २०१५ साली सोलो पुन्हा पडद्यावर आला तो उतारवयात, आणि पुन्हा त्याच चोरट्या धंद्यात. मधल्या दुःखाचे कारण कथेत दिले आहे, आणि ते अगदीच लटके नाही. तरीही एकदा चढलेला घाट त्याच माणसाला पायथ्यापासून पुन्हा चढावयास लावला, असे काही प्रेक्षकांना वाटले. ग्रँटचेही तसेच. २००१ सालच्या तिसऱ्या भागात तो पुन्हा एकाकी आहे. त्याची सहकारी एली दुसऱ्या कोणाबरोबर संसारात आणि मुलांत रमलेली आहे. हेलिकॉप्टरातील त्या दृश्याने जे सुचविले होते, त्याची खूण येथे सापडत नाही.

‘स्टार वॉर्स’च्या मूळ प्रतीचे दर्शन दीर्घकाळ दुर्मीळ झाले होते, बदललेल्या आवृत्तीच सर्वत्र दाखविल्या जात. २०२५ सालच्या जून महिन्यात लंडन येथील ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने आपल्या महोत्सवाच्या आरंभी १९७७ सालची जपून ठेवलेली फीत पडद्यावर आणली. अंधारलेल्या चित्रपटगृहात ते मद्यगृह पुन्हा उजळले, ग्रीडो समोर येऊन बसला, आणि ह्या खेपेस टेबलाखालून सुटलेली गोळी एकच होती.