श्रद्धेचा उगम शोधताना

धार जिल्ह्यातील बाग येथे बाघिनी नदीकाठच्या टेकडीत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेले विहार आहेत. त्यांतील दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्याला लोकांनी पांडवांचे नाव दिले. मूर्ती कोणाच्या, येथे कोण राहत होते, हे विस्मरणात गेले. पण जागेविषयीचा आदर मात्र टिकला. पुढे त्याच लेण्यात माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. बुद्धाच्या पूजेला गंध, धूप व फुले, भिक्षूंना अन्न, वस्त्र व औषध आणि मोडतोडीची दुरुस्ती, एवढ्यासाठी राजाने एक गाव लावून दिल्याची नोंद त्यावर आहे. मूळ कळल्याने आदर उणावला नाही. तो डोळस मात्र झाला. मनुष्याच्या श्रद्धेचेही असेच घडू शकते काय, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे. त्यासाठी एका वेगळ्या धर्माच्या आरंभकाळाकडे वळू.

बागची लेणी कोरली जाण्याच्या कितीतरी आधीपासून उज्जैनचा माल भडोचच्या बंदरात उतरत होता आणि तेथून तांबड्या समुद्रामार्गे इजिप्तकडे जात होता. मालाबरोबर वार्ताही जात असल्या पाहिजेत. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत दुसऱ्या शतकाच्या अखेरीस शिकविणारा ख्रिस्ती आचार्य क्लेमेंट आपल्या ग्रंथात सांगतो, की हिंदुस्थानात बुद्धाच्या उपदेशाप्रमाणे वागणारे लोक आहेत. ख्रिस्ती लेखकाने बुद्धाचे नाव घेतल्याचा हा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख होय.

या क्लेमेंटची धारणा ध्यानात घेण्याजोगी आहे. ग्रीकांचे तत्त्वज्ञान हे त्याला टाकाऊ वाटले नाही. मुलाला हात धरून शाळेत पोचविणाऱ्या सेवकाचे काम त्या तत्त्वज्ञानाने केले, असे तो मानी. त्याच्या आधीचा जस्टिन तर बाप्तिस्म्यानंतरही तत्त्ववेत्त्याचा झगा घालून वावरे. ईश्वरी शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, हा त्याचा सिद्धांत. पुढे चौथ्या शतकात ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी इतका तीव्र वाद माजला, की ३२५ साली नायसिया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरवावी लागली. आणि त्यानंतरही वाद पन्नासहून अधिक वर्षे धुमसत राहिला. ज्याला आज आपण ठाम सिद्धांत म्हणून पाहतो, तो एके काळी घाम फोडणारा प्रश्न होता, हे या इतिहासावरून उमगते.

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या एका मराठी पंडिताचेच उदाहरण घ्या. नीळकंठशास्त्री गोरे यांचा जन्म १८२५ साली बुंदेलखंडातला, शिक्षण काशीचे. मिशनऱ्यांच्या मतांचे खंडन करण्यासाठी त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. खंडनासाठी आरंभलेल्या वाचनानेच त्यांचे मन पालटले आणि १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरादाराला बसलेला धक्का केवढा असेल, हे सांगावयास नको. तथापि तर्काने आलेल्या या विद्वानाला तर्काने सुखाने बसू दिले नाही. शंका त्यांना जन्मभर छळीत राहिल्या. ओढा प्राचीन चर्चच्या परंपरेकडे होत गेला. पुढे काउली येथील संन्यस्त संघाशीही त्यांचा निकट संबंध आला. अनन्य भक्ती, वैराग्य, क्षमा हे हिंदू मनाचे संस्कार व्यर्थ नसून ती एक पूर्वतयारीच आहे, असे ते प्रतिपादीत. जस्टिन आणि क्लेमेंट यांनी ग्रीकांविषयी जे म्हटले, त्याच्याशी हा विचार किती जवळचा आहे!

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, त्या निर्णयामागे गोरेशास्त्र्यांच्या लेखनाचाही वाटा होता, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. परंतु शिष्या गुरूच्या वाटेने गेली नाही. १८८५च्या पत्रव्यवहारात त्या त्रैक्याच्या सिद्धांताविषयी थेट प्रश्न विचारतात आणि धर्मसंस्थेच्या आज्ञेपेक्षा आपली सदसद्विवेकबुद्धी वरचढ मानतात. चौथ्या शतकातला प्रश्न एका मराठी विदुषीच्या मुखाने पुन्हा उभा राहिला होता. त्यांनी तो दडपला नाही. पुढे त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्यासाठी अखेरची वर्षे वेचली. १९२२ साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला.

उगम एकच शोधूनही गोरे परंपरेपाशी पोचले, तर रमाबाई मूळ ग्रंथ आणि स्वतःचा विवेक यांपाशी. मग अध्ययनाने साधले काय? सर्वांची श्रद्धा एकसारखी झाली नाही, हे खरे. पण जी झाली ती उसनी राहिली नाही. शंका म्हणजे श्रद्धेचा शेवट नव्हे, हे ज्याने पूर्वसूरींच्या वादांतून पाहिले, तो आपल्या शंकेला भीत नाही आणि दुसऱ्याच्या शंकेवर रागावतही नाही.

आपल्यापैकी पुष्कळ घराणी पिढ्यान्‌पिढ्या मुलखाबाहेर आहेत. कुळाचार आपण निष्ठेने जपले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु मुलगी वा नातू ‘हे असे का?’ म्हणून विचारतो, तेव्हा ‘पूर्वापार चालत आले’ एवढे उत्तर पुरत नाही. त्या प्रश्नाचा उद्धटपणा म्हणून धिक्कार न करता त्याच्यासह एखादी जुनी पोथी, एखादे जुने भाष्य उघडावे. उत्तर सापडेलच असे नाही, आणि सापडले तर ते आपल्या मनासारखे असेल असेही नाही. गोरेशास्त्र्यांच्या वडीलधाऱ्यांना ते किती जड गेले असेल! तरीही न विचारता सांभाळलेल्या श्रद्धेपेक्षा विचारून उरलेली श्रद्धा थोडी असली, तरी ती घरात अधिक काळ तेवते.