अंगणात सोडू का नको?

“डॉक्टर, हा दिवसभर मातीतच लोळतो, काय करू?” एक आई विचारते. तिच्या मागच्या नंबरची आई सांगते, “आमची तर मोबाइल समोर धरल्याशिवाय घासच घेत नाही.” दोघींची मुले दीड-दोन वर्षांची. मला पहिलीची तक्रार ऐकून बरे वाटते, आणि दुसरीची ऐकून काळजी. घरच्यांना मात्र बहुतेक वेळा उलटे वाटत असते. मोबाइल बघणारे पोर ‘गप बसते’, म्हणजे शहाणे!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हायला हवी. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि त्यानंतरही दिवसाला एक तासाच्या आत, असे आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचेही म्हणणे आहे. तीन तास हालचाल म्हणजे वेगळा व्यायाम नाही. ओट्यावर चढणे, उतरणे, कोंबडीमागे धावणे, दगड या डब्यातून त्या डब्यात टाकणे, सगळे त्यात धरा. भोर-वेल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांत हे फुकट मिळते. पुण्यात फ्लॅट घेतलेला तुमचा भाऊ यासाठी पैसे मोजतो.

मातीला घाबरू नका. खाण्याआधी साबणाने हात धुवा, नखे कापा, अंगणात चप्पल घालायची सवय लावा, कारण अंकुशकृमी अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरतो. जंतनाशक दिनाची गोळी अंगणवाडीत एक वर्षापासून मिळते, ती चुकवू नका. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा डीपीटीचा बूस्टरही राहू देऊ नका. खरचटल्यावर धनुर्वाताची धास्ती त्यानेच कमी होते. मूल मूठमूठ माती किंवा भिंतीचे पोपडे खात असेल तर मात्र मारू नका, रक्त तपासा. बहुतेकदा लोह कमी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध सरकारकडून मिळते. ती बाटली अनेक घरांत फळीवर धूळ खात असते.

मला खरी भीती वाटते ती पाण्याची. जुलैत तुमच्या भागात भातलावणी सुरू होते. खाचरे भरलेली, ओढे फुगलेले, दारात पागोळ्यांखाली हंडे, पिंप, बादल्या. घरातली सगळी हाताशी धरायची माणसे चिखलात वाकलेली. दोन वर्षांचे पोर राहते आजीजवळ, नाहीतर आठ वर्षांच्या ताईजवळ. आजीचे गुडघे दुखतात, तिला नीट दिसत नाही, आणि ती चूलही बघत असते. दोष तिचा नाही.

या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते. मूल बादलीत वाकून बघते, तोल जातो आणि परत सरळ होता येत नाही. वीतभर पाणी पुरते. आणि बुडणारे मूल ओरडत नाही. तोंडात पाणी गेलेले असते, ओरडणार कसे? “आवाज आला असता तर धावलो असतो,” असे घरचे म्हणतात, तेव्हा ते खरेच सांगत असतात. पायात घुंगराचे वाळे घालायची जुनी रीत मला आवडते, पण घुंगरू थांबलेले कळेपर्यंत उशीर झालेला असू शकतो.

म्हणून ‘मुलाकडे लक्ष असू द्या’ हे वाक्य मी आता सांगत नाही. त्याला काही अर्थ नाही. ‘आत्ता लक्ष कोणाचे?’ असे विचारा. घरात पाच माणसे असली की प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतोय. नाव घेऊन सांगा: “सासूबाई, मी गोठ्यात जाते, आता तुमच्याकडे.” त्यांनी हो म्हटल्याशिवाय हलू नका. वापरून झाले की बादली पालथी, पिंपाला झाकण, पडवीच्या दाराला गुडघाभर उंचीची फळी. पाणी असेल तिथे मूल हाताच्या अंतरावर हवे.

पण सगळे आईच्याच गळ्यात टाकणे मला पटत नाही. बांगलादेशातही भातशेती आणि पाणी असेच. तिथे अभ्यासकांना दिसले की लहान मुले जास्त करून सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, म्हणजे आई कामात असते तेव्हा. त्यांनी त्याच वेळेपुरती गावात पाळणाघरे चालवली आणि बुडण्याचे प्रमाण खूप कमी झाले. आपल्याकडे अंगणवाडीत बसायला घेतात ते तीन वर्षांनंतर. त्याआधी घरपोच आहार मिळतो, सांभाळायला कोणी मिळत नाही. म्हणजे सर्वांत धोक्याची दोन वर्षे नेमकी मोकळी सुटतात. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर चालवण्याची ‘पालना’ योजना केंद्र सरकारची आहे. ती तुमच्या गावात येईल तेव्हा येईल. लावणीच्या महिन्यात देवळाच्या सभामंडपात दोन बायांनी दहा मुले सांभाळायची आणि त्यांची मजुरी इतरांनी मिळून द्यायची, एवढे तर गावाला जमेल? लावणीला एकमेकांच्या शेतात जातोच ना आपण. पोरांसाठी का नको?

विंचवाचेही सांगायला हवे. सरपणाची रास, गोवऱ्या, रचलेले दगड यांच्यात तो असतो, म्हणून खेळायची जागा त्यांच्यापासून लांब ठेवा. मूल अचानक किंचाळून रडू लागले, घामाने डबडबले, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या, तर विंचू दिसला नसला तरी तोच समजून निघा. वरंधा घाट उतरला की लागणाऱ्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आपल्या दाराशीच सापडले आहे, आणि तरी आपण मांत्रिकाकडे तास घालवतो! तो तासच महाग पडतो. साप चावला तरी तेच: चिरू नका, आवळून बांधू नका, हालचाल कमी ठेवून थेट रुग्णालयात.

कुंपणाला मोगली एरंड असेल तर त्याच्या बिया लहान मुले शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी गळून जातात. फवारणीचे औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरू नका. असे काही पोटात गेले तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका; बी किंवा बाटली बरोबर घेऊन या.

पाण्यातून काढलेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायचा प्रयत्न करतात. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल तर तिथेच तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला लागा, दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे कसे करायचे ते वाचून नीट येत नाही. लावणीआधी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगून गावातल्या दहा-बारा जणांनी, आज्यांनीसुद्धा, एकदा बाहुलीवर हात चालवून बघा.